फेनिल आणि फिनेल

सणसवाडीत नगर रस्ता सोडून कंपन्यांच्या मागे वळले की खोल्यांच्या चाळी लागतात. छोटी खोली, आत कडप्प्याचा ओटा, कोपऱ्यात मोरी, बाहेर बोअरच्या पाण्याचा सामाईक नळ. मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहारमधून आलेली कुटुंबे इथे कंपनीच्या पाळ्या सांभाळत राहतात. अशाच एका ओळखीच्या घरी खिडकीत शीतपेयाची दोन लिटरची बाटली दिसली. आत लिंबा-मोसंबीची साले, गुळाचे तपकिरी पाणी आणि वर बुचाशी फेस. घरातली ताई म्हणाली, "सर, तीन महिने झाले की याने फरशी, भांडी, संडास, सगळं निघतं. फिनेलचे पैसे वाचतात आणि सालंही कचऱ्यात जात नाहीत." तिचा हेतू सोळा आणे खरा होता. तिला जे सांगितले गेले होते त्यातले बरेच मात्र खरे नाही. त्याची किंमत तिच्यासारख्या बाया आपल्या वेळातून आणि पैशातून मोजतात, म्हणून हा लेख.

आधी पूर्वपक्ष त्याच्या सगळ्या बळानिशी मांडतो. दुबळा करून पाडला तर त्याला खंडन म्हणता येत नाही. तो असा: आपल्या आज्या-पणज्या साफसफाईचे सगळे घरीच बनवत. मग कंपन्यांनी रंगीत बाटल्या आणि जंतूंची धास्ती विकून ती विद्या मोडली. बाटलीत बहुतेक पाणीच असते, वर रंग आणि वास. त्या पाण्याचे, प्लास्टिकचे आणि जाहिरातीचे पैसे आपण मोजतो. रिकामी बाटली उकिरड्यावर जाते, आतले रसायन गटारातून ओढ्यात, ओढ्यातून भीमेत आणि भीमेतून उजनीच्या धरणात. तेव्हा लिंबू, व्हिनेगर, खायचा सोडा आणि सालांचे आंबवण यांपासून सफाईची द्रव्ये घरीच करावीत. पैसे वाचतील, कचरा घटेल, आणि सगळे नैसर्गिक असल्याने अपाय काहीच नाही.

यातले कंपन्यांविषयीचे बोलणे मला जवळजवळ अक्षरशः मान्य आहे. बाटलीत पाणी विकले जाते हे खरे, रोजच्या फरशीला जंतुनाशक लागत नाही हेही खरे. माझा वाद त्यातून काढलेल्या निष्कर्षाशी आहे.

सुरुवात आजीपासून करू, कारण या मताचा सगळा मान तिच्या नावावर उभा आहे. आजीने सफाईसाठी नेमके काय बनवले? चुलीत राख आपोआप पडे, ती भांड्यांना लागे. नारळ फोडला की शेंडी उरे, तिची घासणी होई. आमटीसाठी भिजवलेल्या चिंचेचा चोथा देवाच्या तांब्या-पितळेला लागे, पिळलेल्या लिंबाची फोड कढईला. यात बनवणे कुठेच नाही. एका कामातून उरलेले दुसऱ्या कामाला लावणे आहे, आणि तेही त्याच दिवशी, फुकट. मुद्दाम गूळ आणायचा, तो पाण्यात घालायचा, तीन महिने सांभाळायचा, ही रीत आजीची नाही. एक भाग गूळ, तीन भाग साले, दहा भाग पाणी हे प्रमाण थायलंडच्या डॉ. रोसुकोन पूमपानवोंग यांच्या नावाने जगभर पसरले आहे. ती रीत परकी म्हणून वाईट ठरत नाही. तिला आजीची म्हणून खपवणे मात्र चूक आहे, कारण आजीचे नाव लागले की तपासणी थांबते.

आणि उरलेल्यातून जे भागत नसे, ते आजीही घरी बनवत नव्हती. ते विकत येई किंवा दुसऱ्याच्या कष्टातून येई. गावगाड्यात परीट हा बलुतेदार होता. भट्टी लावणे, खाराच्या पाण्यात कपडे उकळणे, दगडावर आपटणे हे सगळे त्याच्या आणि परटिणीच्या अंगावर होते. तो खार तरी कुठून येई? बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारच्या सरोवरातून दल्ला, खुप्पल, पापडी अशा नावांचे क्षार निघत. त्या भागात काच आणि साबण यांचे साहित्य मिळते, अशी नोंद सोळाव्या शतकाच्या शेवटी 'आईन-ए-अकबरी'त झाली आहे. म्हणजे साबणाचा कच्चा माल अकबराच्या काळातही व्यापारातली वस्तू होता. 'पूर्वी सगळे घरीच' असे म्हणताना आपण त्या परटिणीचे हात आणि लोणारच्या काठावर क्षार काढणाऱ्यांचे पाय पुसून टाकतो. मला हे केवळ इतिहासाचे अज्ञान वाटत नाही. आजही 'घरी बनवा, फुकट पडते' म्हणताना बनवणारीचा वेळ फुकट धरलेला असतो. पहाटे डबा करून पहिल्या पाळीला जाणाऱ्या बाईचा वेळ कोणत्या हिशेबाने फुकट?

शिवाय आजीच्या रीतीचा पायाच आता सरकला आहे. चूल गेली आणि गॅस आला. बायकांच्या छातीत जाणारा धूर थांबला, हे फार चांगले झाले. पण चुलीबरोबर राखही गेली. सणसवाडीच्या खोलीत राख कुठून आणणार? जी वस्तू आपसूक उरत होती ती आता मुद्दाम मिळवावी लागते, आणि मुद्दाम मिळवली की तिचा हिशेब बदलतो.

आता रसायन. सगळ्यांत लोकप्रिय कृती म्हणजे खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करणे. फसफसून फेस येतो, मोरीत ओतला की काम होते आहे असे वाटते. प्रत्यक्षात एक आम्ल आणि एक अल्कली एकमेकांना संपवत असतात. ८४ ग्रॅम सोड्याला ६० ग्रॅम अ‍ॅसिटिक आम्ल लागते. त्यातून ८२ ग्रॅम सोडियम अ‍ॅसिटेट, १८ ग्रॅम पाणी आणि ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो. वायू उडून जातो, खाली राहते ते एका निरुपयोगी मिठाचे पाणी. एक मोठा चमचा, म्हणजे सुमारे १५ ग्रॅम सोडा पुरता संपवायला ४ टक्क्यांचे व्हिनेगर पाव लिटरहून थोडे जास्त लागते. दोन्ही वस्तू वेगवेगळ्या वापरल्या असत्या तर दोघींनी थोडे थोडे काम केले असते. एकत्र केल्यावर दोघींचेही गेले. फेस म्हणजे सफाई, ही समजूत साबणवाल्यांनी पेरली. घरगुती कृतीवाले तीच पुढे चालवत आहेत.

ताईच्या बाटलीकडे येतो, कारण तिच्यावर बोलण्यासारखे पुष्कळ आहे. या द्रावणाला 'बायोएन्झाइम' म्हणतात. नाव भारदस्त आहे, पण गुळाचे पाणी सालांसह आंबले की यीस्ट त्याची दारू करते आणि जिवाणू त्या दारूचे आंबट पाणी करतात. तीन महिन्यांनी हाती येते ते मुख्यतः कच्चे व्हिनेगर. कपड्यांच्या पावडरीतली विकरे, म्हणजे एन्झाइम, निराळी असतात. १९१३ साली जर्मनीत ओटो रोम यांनी धुण्यासाठी विकरांचे पेटंट घेतले. आज ती निवडक जिवाणूंपासून कारखान्यात काढतात आणि ती सोड्याच्या क्षारी पाण्यात काम करतात. आंबट पाण्यात सालांची विकरे तीन महिने तगून तेलाचा डाग खातील, ही अपेक्षा रसायनाला धरून नाही. पुष्कळ कृतींत शेवटी मूठभर रिठे घाला असेही सांगतात. मग भांड्याचे तेल निघते, पण ते रिठ्याने निघते, आणि श्रेय बाटलीला जाते.

पैशांचे काय? शेजारच्या दौंड तालुक्यात, राहू-केडगावच्या पट्ट्यात, गुऱ्हाळे आहेत, गूळ या भागाला दुर्मीळ नाही. किलोला ५० रुपये धरले तर १ किलो गुळात १० लिटर पाणी होते, म्हणजे लिटरमागे ५ रुपये. स्वस्त आहे, हे मी मान्य करतो. पण त्या ५ रुपयांत मिळते काय, तर फार तर लिटरभर पातळ व्हिनेगर. त्याच्या तोडीचे आम्ल किराणा दुकानातल्या लिंबूसत्त्वाच्या पुडीत असते. आम्लतेचा हिशेब केला तर ४ टक्क्यांचे १ लिटर व्हिनेगर म्हणजे सुमारे ४५ ग्रॅम लिंबूसत्त्व. कागदाच्या पुडीत, प्लास्टिकशिवाय, तीन महिने न थांबता.

कचऱ्याचे गणितही तपासा. तीन किलो साले बाटलीत घातली तरी तीन महिन्यांनी गाळणीवर चोथा उरतोच. तोच चोथा पहिल्या दिवशी खड्ड्यात किंवा कुंडीत गेला असता तर खत झाले असते, गूळ न लागता. माणसाने खायचा गूळ सालांना खाऊ घालून कचरा कमी होत नाही. आणि हे पाणी नदीत ओतले की नदी शुद्ध होते, असे जे सांगितले जाते त्याला तर ठाम विरोध करायला हवा. आंबलेल्या पाण्यात साखर, दारू, आम्ल असे सेंद्रिय पदार्थ असतात. ते कुजताना पाण्यातला प्राणवायू खातात. पुण्याच्या मैल्याने आधीच धापा टाकणाऱ्या भीमेत ते ओतणे म्हणजे तिच्या ओझ्यात भर घालणे.

बुचाकडेही लक्ष द्या. १०० ग्रॅम गूळ पुरता आंबला तर वीसेक लिटर वायू सुटतो, आणि तो दोन लिटरच्या बाटलीत. रोज बूच सैल केले नाही तर बाटली फुटते. काचेची असेल तर तुकडे मुलांच्या अंगावर येतात.

'नैसर्गिक म्हणून निरुपद्रवी' हे तिसरे विधान मला स्वतःला महाग पडले आहे. लिंबाने ओटा चकचकीत होतो असे ऐकून मी आमच्या घरच्या कडप्प्याच्या ओट्यावर लिंबाच्या फोडी घासून तशाच ठेवल्या. सकाळी तिथे राखाडी, खरखरीत डाग होते, आणि ते आजही आहेत. कारण कडप्पा हा चुनखडीचा दगड. शहाबादी फरशीही चुनखडीचीच, संगमरवरही त्याच कुळातला. आम्ल लिंबाचे असो, व्हिनेगरचे असो की सालांच्या बाटलीतले, चुनखडीला ते खातेच. आपल्याकडे ओटा कडप्प्याचा आणि फरशी शहाबादी असलेली घरे किती आहेत ते पाहा, म्हणजे 'सगळ्याला एकच घरगुती द्रव्य' हा सल्ला किती अंगाशी येणारा आहे ते कळेल. उलट बाजूने राख किंवा धुण्याचा सोडा जर्मनच्या पातेल्याला लावला तर पातेले काळवंडते, कारण अ‍ॅल्युमिनियम क्षारात विरघळते. आजीकडे पितळ, तांबे, लोखंड आणि माती होती. आपल्याकडे स्टील, जर्मन आणि नॉनस्टिक आहे. भांडी बदलल्यावर घासण्याचे शास्त्रही बदलणार.

मग घरी साबण करावा का? तेल आणि कॉस्टिक सोड्याचा साबण घरी होतो, तळणीच्या उरलेल्या तेलाचाही होतो. पण तो इथल्या पाण्यात चालेल का, हे आधी विचारले पाहिजे. जुन्या शालेय पुस्तकांत दोन सुंदर शब्द असत: सुफेन आणि दुष्फेन. दुष्फेन पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात. साबण आधी त्यांच्याशी जुळून चिकट साका होतो आणि मगच फेस धरतो. भारतीय मानक १०५०० नुसार पिण्याच्या पाण्याची कठीणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. ३०० धरली तरी लिटरमागे पावणेदोन ग्रॅमच्या आसपास साबण साका होण्यातच जातो. वीस लिटरच्या बादलीत ३५ ग्रॅम, म्हणजे छोट्या वडीचा मोठा तुकडा, एकही डाग निघण्याआधी संपला. नळाच्या तोटीवर पांढरा थर धरणाऱ्या बोअरच्या पाण्यात घरचा साबण ही बचत नव्हे. कृत्रिम डिटर्जंट जगात आले त्यामागे हेही एक मोठे कारण होते.

आणखी एक 'घरगुती' आहे, ज्याबद्दल पूर्वपक्ष गप्प असतो. बचत गटांच्या प्रशिक्षणांत पांढरे फिनेल, भांड्यांचे लिक्विड, कपड्यांची पावडर करायला शिकवतात. फिनेलचा तयार अर्क आणून त्यात पाणी घालायचे. लिक्विडसाठी अ‍ॅसिड स्लरी, कॉस्टिक, मीठ, रंग. यात स्वयंपाकघरातले काही नाही, सगळा माल रसायनाच्या दुकानातून येतो. मला ते वाईट वाटत नाही, पुढे त्याची बाजूच घेणार आहे. पण हातमोजे आणि चष्मा न घालता, उघड्या बादलीत, लहान मूल कडेवर घेऊन कॉस्टिक कालवायला 'घरगुती' म्हणून निर्धास्त सोडणे हा गुन्हा आहे. तसेच अ‍ॅसिड आणि फिनेल पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटल्यांत भरून मोरीशी ठेवण्याची सवय. तहानलेल्या पोराला बाटली ओळखीची असते, आतले द्रव्य नसते. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली अ‍ॅसिडच्या उघड विक्रीवर निर्बंध घातले ते हल्ल्यांच्या प्रकरणात, पण घरातली ही बाटली तेवढ्याच लक्ष देण्याजोगी आहे. आणि ग्रामपंचायत पाण्यात टाकते ती टीसीएल पावडर कधीही संडासच्या अ‍ॅसिडात, व्हिनेगरात किंवा सालांच्या पाण्यात मिसळू नये. त्यातून क्लोरीन सुटतो, आणि बंद संडासात तो फुप्फुसे जाळतो. घरी प्रयोग करण्याचा उत्साह वाढतो तसा हा धोका वाढतो, कारण 'दोन चांगल्या वस्तू मिसळल्या की अधिक चांगली होते' असे मनाला वाटत राहते.

एवढे पाडल्यावर मांडायचे काय, हे सांगणे मला भाग आहे. बाटल्या विकणाऱ्यांच्या बाजूला मी गेलेलो नाही.

सणसवाडीहून शिक्रापूरमार्गे पाबळ फार लांब नाही. हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन केंद्रातले डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली तिथे विज्ञान आश्रम सुरू केला आणि २००३ साली जाईपर्यंत तो चालवला. ज्या कंपनीचे नाव साबण-पावडरीशी जोडलेले, तिच्या प्रयोगशाळेतला माणूस शिरूर तालुक्यातल्या दुष्काळी गावात येतो आणि शाळा सुटलेल्या मुलांना हाताने काम करत विज्ञान शिकवतो, ही गोष्ट मला या वादात फार मोलाची वाटते. हाताने करून पाहिले की मोजावे लागते, आणि मोजले की समजूत तपासली जाते. घरच्या सफाईला हेच लावायचे आहे. डाग कशाचा हे आधी ओळखायचे आणि मग त्याला लागेल तेवढेच वापरायचे. बहुतेक बचत तिथेच होते.

नळावरचा, बादलीवरचा पांढरा थर क्षाराचा असतो. त्याला आम्ल हवे. कपभर गरम पाण्यात चमचाभर लिंबूसत्त्व, फडक्याने लावून पंधरा मिनिटे, मग धुणे. ओट्यावर थेंब पडू द्यायचा नाही. तेलकट ओट्याला आणि स्टीलच्या डब्यांना अल्कली हवी. किराणा दुकानात सुटा मिळणारा धुण्याचा सोडा कोमट पाण्यात, चमचाभर, हात जपून. तो खायच्या सोड्यापेक्षा कितीतरी तिखट, सामू ११ च्या आसपास, खायच्या सोड्याचा जेमतेम सव्वाआठ. हाच सोडा कपड्यांच्या बादलीत अर्धा चमचा घातला तर पाण्यातले क्षार खाली बसतात आणि पावडर कमी लागते. फरशीला रोज साधे पाणी आणि स्वच्छ फडके पुरते. आजारपण असेल, कोणाला उलटी-जुलाब असतील, तेव्हा मात्र घरगुती प्रयोग बाजूला ठेवून क्लोरीनचे द्रावण नीट प्रमाणात वापरावे.

रिठ्याचा मान मात्र मी पुन्हा मागतो. अमरकोशात त्याची दोन नावे आहेत, अरिष्ट आणि फेनिल. फेनिल म्हणजे फेस देणारा. दगडी कोळशाच्या डांबरातल्या फिनॉलवरून आलेले 'फिनेल' त्याच्या शेजारी बसावे, हा केवळ ध्वनीचा योग. पण रिठ्यात जो गुण आहे तो साबणात नाही. त्यातल्या सॅपोनिनचा दुष्फेन पाण्यात साका होत नाही. रेशमी साडी, लोकरीची शाल, सोन्याचे दागिने यांना भिजवलेल्या रिठ्याचे पाणी आजही चांगले. ते रोज ताजे करायचे, एक-दोन दिवसांत संपवायचे. डोळ्यात गेले तर फार झोंबते, एवढे सांभाळायचे.

आणि ज्यांना खरेच बनवायचे आहे त्यांनी घरोघर बनवण्याऐवजी एकत्र बनवावे. १९६९ साली अहमदाबादेत करसनभाई पटेल यांनी घराच्या आवारात पावडर मिसळून दारोदार विकायला सुरुवात केली. ती 'निर्मा' मोठ्या कंपनीच्या पावडरीपेक्षा कितीतरी स्वस्त पडली, कारण ते रसायन शिकलेले होते आणि कशाचे प्रमाण किती लागते हे त्यांना ठाऊक होते. सणसवाडी-शिक्रापूरच्या बचत गटांना हे जमण्यासारखे आहे. एका ठिकाणी, हातमोजे घालून, मोजून केलेले भांड्यांचे लिक्विड, आणि खोल्यांच्या रांगेत आठवड्यातून एकदा फिरणारा कॅन. प्रत्येकीने आपली तीच बाटली भरून घ्यायची. बाटलीवर मराठीत आणि हिंदीत मोठ्या अक्षरांत नाव. कारण इथल्या निम्म्या खोल्यांत हिंदी वाचले जाते.

ताईला मी हे सगळे एका बैठकीत सांगितले नाही. तिच्या तोटीवर लिंबूसत्त्वाचे फडके गुंडाळून चहा होईपर्यंत ठेवले. थर सुटला. मग तिने खिडकीतली बाटली काढली, बूच हळू सैल केले, वायू फस्सकन निघून गेला. साले तिने दारातल्या कढीपत्त्याच्या डब्यात, मातीखाली पुरली. गुळाचे पाणी हातात घेऊन थोडी थांबली आणि म्हणाली, "सर, गूळ अर्धा किलो आणला होता. यातला निम्मा अजून डब्यात आहे." तो तिने दुसऱ्या दिवशी शेंगदाण्याच्या लाडवांना लावला.